खिशातले तीन फ्यूज

नाव शेषराव, पन नुसतं शेषराव म्हनून इचारलं त आमच्या अमडापूर भागात कोनी घर दाखवनार नाई तुमाले ताई, शेषराव वायरमन म्हना, मंग कोनी बी दुकानापर्यंत आनून सोडीन, अन् गंमत अशी का आता मी वायरमन नाईच, लाइनचं काम सोडून सात वर्स झाले, तरी नाव चिकटलं ते चिकटलं. तुमी म्हनता धंदा कसा उभा केला ते सांगा, उतारवयात एवढी हिंमत कुठून आनली ते सांगा. हिंमत बिंमत काई नाई ताई. मी जे काई केलं ते भेवानं केलं, पयले भेवानं सोडलं अन् मंग भेवानंच धरलं, असं लिहा.

जलम इथूनच दोन कोसावरच्या गावातला, गावाचं नाव लिहू नोका, तिथले लोक अजून मोटरा आनतात माह्याकडे. बुढा, म्हनजे माहा बाप, दुसऱ्याच्या वावरात सालदार होता, माय निंदाले जाये. आमच्या बौद्धवाड्यात लाइट सगयात शेवटी आला, गावात येऊन पाच-सहा वर्स झाल्यावर, तवा मी पाचवीत होतो. ज्या दिवशी आमच्याकडे तार ओढली त्या दिवशी शाया बुडवून मी सकायपासून खांबाखाली बसेल, वरचा मानूस कमरेले पट्टा बांधून असा मागे झोकून देऊन काम करे का मले वाटे हा आता पडते, मंग पडते, पन नाई पडला. खाली उतरला अन् माह्या मायले म्हने बाई पानी दे, अन् आमच्याच गडव्यानं घटाघटा पेला. गावातला मानूस आमच्या घरचं पानी पेत नव्हता ताई तवा. माय लय दिवस लोकाले सांगत राह्यली का लाइटवाला आपल्या घरचं पानी पेला. म्या तवाच ठरवलं का आपन हेच काम कराचं.

झालो बी. पर्मनंट नाई झालो, ठेकेदाराच्या हाताखाली, चोवीस वर्स. हातमोजे कधी भेटले कधी नाई, पन जुन्या लोकायनं शिकवेल काई गोष्टी होत्या त्या कधी सोडल्या नाई. तार धराच्या आदी उलटा हात लावाचा, म्हनजे पंजाची पाठ, काऊन का सुलट हातानं धरली अन् करंट असला त मूठ आपोआप आवयते, मानूस सुटत नाई, उलटा हात असला त झटका बसून मागे फेकल्या जाते. अन् दुसरी गोष्ट फ्यूजची. वावरात ट्रान्सफॉर्मरची पेटी असते ना, तिले आमी डीपी म्हनतो, तिच्यात तीन फ्यूज, एकेका फेजचा एक. खांबावर आपला मानूस चढाच्या आदी खालच्यानं ते तीनी काढाचे अन् सोताच्या खिशात ठेवाचे. पेटीवर नाई, दगडावर नाई, खिशात. काऊन का पेटीवर ठेवले अन् कोनी उतावया आला, त्याले वाटलं इसरले वाटते, त्यानं बसवून देले, त वरचा गेला. एक-दोनदा त असं झालं का काम झाल्यावर फ्यूज खिशातच राहे अन् मी घरी, अन् सगये वावरवाले माह्या नावानं शिव्या देत दारात. शांता म्हनजे माही बायको, तिनं त कपडे धुयाच्या आदी खिसे तपासाची सवयच लावून घेतली होती.

माहा जोडीदार सुदाम. शेजारच्या गावचा, माह्याहून चार वर्सानं लहान, हट्टाकट्टा, मले भेकड्या म्हने. तो वर चढे, मी खाली राहू, असंच आमचं ठरेल. कारन त्याले भेव नाई अन् मले लय. तो वरून वरडे, भेकड्या काढले का बे फ्यूज, मी खालून खिसा थापटू, का हाव काढले, मंग तो तारेले हात लावे. बारा वर्स असं केलं. खिसा थापटला का त्याचा भरोसा. असं पाहू नोका माह्याकडे ताई, सांगतो मी, जरा पानी पेऊ द्या.

नऊ वर्स झाले. उन्हायाचे दिवस, भर दुपार, म्या फ्यूज काढले, तापेल होते, खिशात मोबाइल होता, मंग म्या काय केलं, तीनी फ्यूज पेटीवर ठेवले. एवढ्या वर्सात पयल्यांदा. म्हनलं थंडे होऊ दे, मंग टाकतो खिशात. सुदाम वर चढला, त्यानं इचारलं भेकड्या काढले का बे, अन् म्या खाली खिसा थापटला. मोबाइलचा खिसा थापटला ताई. अन् तहान लागली म्हून शंभर पावलावरच्या इहिरीवर गेलो. पानी पेत होतो तवा आवाज आला. कसा आवाज ते नाई सांगत. पयत आलो त सुदाम खाली अन् डीपीत तीनी फ्यूज बसेल, कोन्या वावरवाल्यानं बसवले अन् पयाला ते मले आजपर्यंत माईत नाई.

जगला सुदाम. उजवा हात खांद्याखालून काढा लागला. अन् साहेब आले, पोलीस आले, इचारलं फ्यूज कुठी होते. म्या सांगतलं माह्या खिशात होते साहेब, कोनं तरी वरून तार टाकली. वावरात लोक चोरून लाइट घ्याले टाकतातच तशी तार, सगयायले पटलं. ज्यानं बसवले तो गप, मी बी गप. सुदामच्या कानावर बी हेच गेलं असन म्हून मी त्याच्या तोंडापुढे गेलोच नाई. दवाखान्यात लोकायच्या मागे उभा राह्यलो अन् निंघून आलो. घरी दोनदा गेलो, दोनी वेया दारातून परत.

त्याच्यानंतर वर्स-दीड वर्स मी कामावर गेलो, पन खांबाखाली उभा राह्यलो का खिसा दहादा चाचपू, तरी वाटे खाली हाये. नवीन जोडीदार वरून म्हने काका फ्यूज काढले ना, अन् मी फ्यूज खिशातून काढून परत मोजू. एक दिवस सकायी डबा घेऊन निंघालो अन् फाट्यावरून घरी परत आलो. सत्तेचायीस वर्साचा होतो. शांतानं डबा पाह्यला, भरेल. संध्याकायी म्हने, बसून त राहू नोका, माह्या भावाचं मेहकरले मोटर वाइंडिंगचं दुकान हाये, तिथी जाऊन शिका. म्या म्हनलं ह्या वयात? ती म्हने, वय शिकवनाऱ्यानं पाहावं, तुमी काहाले पाहता?

आठ महिने एसटीनं मेहकरले गेलो. सायाच्या दुकानात त्याचाच चहा आनला, जयेल मोटरीची तार तोडली, भुसा झाडला, जे शिकाऊ मानसाले कराचं ते सगयं. मोटर जयाली का तिच्यातली जुनी तार काढून नवीन तार बसवाची, येढे मोजून, एक येढा कमी नाई जास्त नाई. माहे बोटं खांबावरचे, जाड, तार निसटे. घरी जुनी मोटर आनून सुट्टीच्या दिवशी बसू अन् शांता बाजूले बसून पाहे. एक दिवस म्हने आना इकडे. गोधड्या शिवून शिवून तिच्या बोटाले सवय, ती येढे मोजते अन् मधात माह्याशी भांडते बी, अन् मोजनी चुकत नाई. खरं सांगू, वाइंडिंग तिचंच हाये. मी जोडजाड करतो, मोटर उतरवतो, स्टार्टर पाहातो.

दुकान टाकलं इथंच रोडच्या कडेले, चार पत्रे. बोर्ड रंगवनारा म्हने नाव काय टाकू, म्या म्हनलं शांता मोटर वाइंडिंग. ती खुश होईन वाटलं. ती म्हने, मले समजते, काई उलटंपालटं झालं त लोकायनं तुमचं नाव घेऊ नये म्हून. म्हनजे शिव्या माह्या नावानं, असंच ना? अन् खरंच तसंच होतं ताई. मी भेत होतो. चोवीस वर्स लाइनवर काम केलं त वर कोनी तरी होतंच, सबस्टेशनले फोन कराचा, परमिट घ्याचं, का लाइन बंद हाये, जा, काम करा. कोनी तरी म्हने जा. आता दुकानात कोन म्हनन? मोटर माही, जोड माहा, अन् हे इहिरीत सोडा, चालू करा, हे सांगनारा बी मीच. लोकायले वाटते मालक झाला का मानूस मोकया होते. मले वाटे माह्या डोक्यावरचं छप्परच गेलं.

दुकानाचा दुसराच महिना. हमीदाबी म्हनून एक म्हतारी हाये, इथून सहा किलोमीटरवर तिचं वावर, नवरा गेला, पोरगा खामगावले तेलाच्या मिलीत कामाले, ती एकटीच वावर पाहाते, एक म्हैस, कांदा, थोडी भाजी. तिची पान्यातली मोटर जयाली. शांतानं दोन दिवसात नवीन तार भरून देली. आता पान्यातली मोटर म्हनजे काय, ती इहिरीत बुडेल राहाते, तिच्या तीन तारा अन् वरून येनाऱ्या केबलच्या तीन तारा जोडा लागतात, तो जोड बी पान्यातच. प्रत्येक जोडाले आदी रबराची पट्टी घट्ट गुंडायाची, अन् मंग तिन्हीवरून काया टेप. रबर लावाचं राह्यलं त जोडात पानी जाते, अन् पान्यात करंट. शांताची पद्धत अशी का दर मोटरीले ती मोजून तीन पट्ट्या कापते अन् भितीत ठोकेल खियाले लटकवून ठेवते. तीन लागल्या, खिया खाली, मोटर तयार.

त्या दिवशी दोन जोड झाले, अन् गल्लीतून कोनी तरी हाका मारत आलं, शेषरावभाऊ लाइट गेली, जरा पाहा ना. मले काय अधिकार, मी त लाइन सोडेल मानूस, पन अजून आपल्याले वायरमन समजतात याचं बरं वाटे. गेलो. खांबाखाली उभं राहून वर पाह्यलं, चार गोष्टी सांगतल्या, वाट पाहा म्हनलं, अन् ऐटीत परत आलो. तिसऱ्या जोडाकडे पाह्यलं, तार चांगली पिय देऊन जोडेल, वढून पाह्यली, घट्ट. खांबावर तेवढंच कराचं असते ताई, तिथी उघडा जोड म्हनजे पक्का जोड, वर हवेत त्याले कोन शिवते. माह्या डोयाले तो जोड पुराच दिसला. वरून काया टेप मारला, सुक्यात बॅटरीचा बल्ब लावून टेस्ट केली, सगयं बरोबर. दुपारी चार मानसं लावून मोटर इहिरीत सोडली. लाइन गेलेल होती, म्हून चालू करून पाहाता नाई आली, स्टार्टर ऑटोवर ठेवला, म्हनजे सकायी लाइन आली का मोटर आपोआप चालू. हमीदाबी म्हने, उद्या कपडे धुता येतीन ना रे बाबा, चार दिवसाचे साचले. म्या म्हनलं धुवा, बिनधास्त.

दुसऱ्या दिवशी सकायी चहा पेत होतो. शांता दुकान झाडत होती. झाडता झाडता थांबली. अन् म्हने, अवो, खियाले पट्टी एक राह्यली.

ती एवढंच म्हनली. मी म्हनलं असन जास्तीची. ती म्हने, म्या आजपर्यंत कधी चौथी कापली नाई. मंग माह्या डोयापुढे तो जोड आला, उघडा, चकचकीत. घड्याय पाह्यलं, पावने नऊ. त्या हप्त्यात दिवसाची लाइन होती, सव्वानवाले यायची. हमीदाबीले फोन लावला, वाजून राह्यला, वाजून राह्यला, म्हतारी फोन घरात ठेवते अन् वावरात जाते. तिकडच्या वायरमनले लावला, त्याचा बंद. गाडी काढली ताई. रस्ता कसा गेला मले माईत नाई. मले फक्त तो हौद दिसे. लाइन आली का पाइपातून पानी हौदात पडते, म्हतारी हौदाच्या कडेले धोंड्यावर बसून दोनी पाय पान्यात सोडून कपडे आपटते, म्हैस तिथीच तोंड घालून पानी पेते, अन् पाइप लोखंडाचा. अन् माह्याच तोंडचं ते, बिनधास्त. सुदामचा आवाज कानात होता. मी गाडीवर बसून रडत होतो अन् वरडत होतो, का आदी लाइन येऊ देऊ नोको, कोनाले म्हनत होतो माईत नाई, आमी देव मानत नाई.

तिच्या वावराच्या आदी डीपी लागते, रस्त्यालेच. गाडी तशीच आडवी टाकली, पेटी उघडली, तीनी फ्यूज काढले अन् खिशात टाकले. खिशावर हात दाबून धरला. अन् पाच मिनिटं बी नसन झाले, वरचा ट्रान्सफॉर्मर घूं करून बोलाले लागला. लाइन आली. तिथीच मातीत बसलो. लिहाचं असलं त लिहा, माहा पायजमा ओला झाला होता.

त्या डीपीवर सहा-सात मोटरा. कोनाचीच चालू नाई झाली, मंग आले सगये, कांदा सुकून राह्यला, दिवसाची लाइन, त्याच्यात हे काय. पाह्यते त मी बसेल, पेटी उघडी. भाऊ काय झालं? अन् ताई, माह्या तोंडातून काय निंघालं असन? तेच. म्हनलं डीपीत फॉल्ट हाये, म्या काढले फ्यूज, कोनी हात लावू नोका. अन् ते सगये ठंडे झाले. एक जन म्हने, बरं झालं भाऊ तुमी इकडून जात होते, नाई त आज कोनी मेलं असतं. त्यानं मले पानी देलं प्याले. दुसरा म्हने, असा मानूस पाह्यजे, लाइन सोडली तरी ध्यान ठेवते.

तेवढ्यात हमीदाबी आली, डोक्यावर कपड्याचं गाठोडं, कोरडं. म्हने काय झालं रे बाबा, पानी नाई आलं. तिच्याकडे पाह्यलं अन् माह्यानं राह्यवलं नाई. म्या म्हनलं, फॉल्ट डीपीत नाई. फॉल्ट माह्या हाताचा हाये. चाची, तुमच्या मोटरीचा एक जोड म्या उघडा ठेवला, तुमी आज पान्यात पाय टाकला असता त तुमी मेल्या असत्या. मंग ज्यानं पानी देलं होतं त्याच मानसानं माही कॉलर धरली, म्हने मानसं मारते का बे, शिकला काहाले दुकान टाकाले. म्या हात बी वर केला नाई. मोटर वर वढली त्यायनंच, मले हात लावू देला नाई. काया टेप कापला, तिसऱ्या जोडातून पानी गयलं. सगयायनं पाह्यलं. हमीदाबी कितीक वेय त्या जोडाकडे पाहात होती, मंग गाठोडं उचललं अन् चालली गेली.

दुकान बसलं. दोन महिने एक मोटर आली नाई. जो तो म्हने तिकडे जाऊ नोका, तो इसरभोया वायरमन हाये. शांताले म्हनलं तुह्या नावाचा बोर्ड खराब केला म्या. ती म्हने, खोटं सांगून आले असते त म्याच बोर्ड उतरवला असता, आता राहू द्या. ती रोज दुकान उघडे, झाडे, खियाले तीन पट्ट्या लटकवे, मोटर नसली तरी. मी आतून पाहू अन् मले वाटे परत खांबावर जावं का. पन तिथलं भेव वेगयं, इथलं वेगयं, कुठी बी गेलो त ते आदीच जाऊन बसेल.

पयली मोटर आली ती हमीदाबीचीच. दुसऱ्यानं भरेल मोटर तिची पुन्हा जयाली होती. दारात उभी राह्यली अन् म्हने, तू भर. पन पानी सुरू झालं का पयले तुहा हात टाक पान्यात, माह्यासमोर. मंग मी भांडं भरीन.

टाकला म्या. शांतानं तीन पट्ट्या मोजून देल्या, लावल्यावर खिया पाह्यला, म्या पाह्यला, परत तिनं पाह्यला. तरी हात पाइपाखाली धरला, उलटा, अन् डोये मिटून घेतले. पानी आलं, काई झालं नाई, हमीदाबीनं भांडं भरलं. तेव्हापासून दर मोटरीले मी जातो, टेस्टर लावतो, अन् मंग पयल्या पान्यात माहा हात. लोक हासत. मंग लोक तेच मांगाले लागले, का शेषरावभाऊ हात टाकते का, मंग त्याच्याकडेच द्या. धंदा असा चालला ताई. माह्या भेवावर चालला.

आता सुदामचं सांगतो अन् तुमाले सोडतो. गेल्या उन्हायात एक मालरिक्षा आली, तिच्यात मोटर, अन् रिक्षावाला म्हने सुदामभाऊनं धाडली, त्यायनं इहीर खोल केली, मोटर भरून तुमीच उतरवाले या म्हनतात. म्या हातातली पक्कड खाली ठेवली. शांताकडे पाह्यलं, तिले सगयं माईत होतं, तिले तरी म्या सांगतलंच होतं. ती म्हने, आता जा.

गेलो. आठ वर्सानं पाह्यला त्याले, डोक्याचे केस पिकेल, उजव्या बाहीची गाठ मारेल. बस म्हने. मोटर उतरवली, डीपीवर जाऊन म्याच फ्यूज काढून आनले होते, खिशात होते. लाइन याले अर्धा घंटा होता. मी इहिरीच्या काठावर उभा, तो दगडावर बसेल. म्या म्हनलं, सुदाम, त्या दिवशी फ्यूज माह्या खिशात नव्हते.

तो इहिरीत पाहात राह्यला. मंग म्हने, पेटीवर होते. मले वरून दिसले, तो वावरवाला बसवत होता तवा, वरडाच्या आदीच झटका बसला.

म्या म्हनलं, मंग बोलला काऊन नाई बे? साहेबायले काऊन नाई सांगतलं? तो म्हने, तू सांगशीन म्हून वाट पाहे. हमीदाबीचं आयकलं तवा वाटलं आता येशीन. नाई आला. मंग म्या मोटर धाडली.

मी रडाले लागलो. तो उठला, डावा हात पुढे केला, म्हने आन ते फ्यूज. देले. त्यानं ते सोताच्या सदऱ्याच्या खिशात टाकले अन् म्हने, टेस्टर ठेव खाली. जाय, हात घाल पाइपाखाली. मी बसवून येतो. अन् गेला.

डीपी तिथून दोन वावरं पल्याड, बाभयीच्या आड, काई दिसत नाई. मी हौदाजवय बसलो, हात कोरड्या पाइपाखाली. ताई, तुमाले काय सांगू. तिन्ही पट्ट्या लागल्या होत्या, शांतानं पाह्यलं होतं, पन माहं मन म्हने एखादी सैल राह्यली असन त? अन् एका हातानं तो फ्यूज कसा बसवीन? अन् नाईच बसवले त? मले दिवसभर असंच बसवून ठेवलं त? त्याचा हक्कच होता. हात काढून घ्यावा असं शंभरदा वाटलं, कोन पाहाते. मंग वाटलं, त्याले त एवढा वेय बी भेटला नव्हता, त्यानं माह्या खिशाकडे पाह्यलं अन् तार धरली. नाई काढला हात. किती वेय गेला सांगता येत नाई. पाइप खोकलला, हवा आली, अन् मंग पानी आलं, थंडगार, जोरानं, माह्या हातावर. मी तसाच बसून राह्यलो, हात पांढरा पडला तरी.

सुदाम आला, वर उभा राहून पाह्यलं, अन् म्हने, काढ बे भेकड्या हात, चहा थंडा होऊन राह्यला.

आता तो आमच्यासंगच असते. मोटर उतरवाले आमी दोघं जातो, तो डीपीवर, खिशात फ्यूज घेऊन, अन् मी पान्यात. तो लांबून खिसा थापटते, मी हात पाइपाखाली धरतो. भेव गेलं का म्हनून तुमी इचारलं. नाई गेलं. काल बी एका इहिरीवर बसलो होतो त हात काढून घ्यावा असं दोनदा वाटलं, आता जेवता जेवता बी मनात पट्ट्या मोजत होतो, उद्या हमीदाबीच्या शेजारच्या वावरात जाचं हाये म्हून. पन आता ते भेव मी कोनापासून लपवत नाई, एवढंच. बरं, एसटी येईन तुमची, सांभायून जा. घरची मोटर कधी जयाली त फोन करा ताई, सुदाम अन् मी येऊ, पयल्या पान्यात माहा हात राहीन, मंग तुमी घागर लावा.